खेळाडू गावात येतो, तेव्हा दवाखाना उघडा असायला हवा

ऑस्ट्रेलियाच्या मधोमध, ॲलिस स्प्रिंग्जपासून सुमारे ८० किलोमीटरवर, सांता तेरेसा नावाची पूर्व अरंडा लोकांची वस्ती आहे. मध्य ऑस्ट्रेलियातील बहुतेक वस्त्यांप्रमाणे इथले फुटबॉलचे मैदानही लाल मातीचे आणि खड्यांचे होते. मूल पडले की गुडघे-कोपरे सोलवटून निघत. पुढे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडच्या जाणकारांच्या मदतीने गावकऱ्यांनी त्या वाळवंटी जमिनीवर हिरवळ उगवून दाखवली. त्या मैदानाची छायाचित्रे देशभर पोचली आणि ती पोचायलाच हवी होती. मात्र याच वस्तीतील सुमारे ७० कुटुंबांनी २०१६ मध्ये आपल्या घरांचे मालक असलेल्या नॉर्दर्न टेरिटरी सरकारविरुद्ध दाद मागितली होती. घरांची डागडुजी वर्षानुवर्षे झालेली नव्हती. एका वृद्ध महिलेच्या घराला तर पाच वर्षांहून अधिक काळ मागचे दारच नव्हते. हे प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि असल्या घरात राहावे लागल्याने झालेल्या मनस्तापाचीही भरपाई भाडेकरूंना मिळू शकते, असा निर्णय नोव्हेंबर २०२३ मध्ये लागला.

खेळाडूंच्या प्रभावातून दुर्गम भागातील आदिवासी मुलांचे आरोग्य सुधारेल, असे सरकार, क्लब आणि प्रायोजक जेव्हा सांगतात, तेव्हा यांपैकी पहिले चित्र पुढे केले जाते आणि दुसरे झाकले जाते. माझे म्हणणे असे आहे की नामवंत खेळाडूचा या मुलांच्या आरोग्याला खराखुरा उपयोग होतो, परंतु तो होतो गावात कायम उभ्या असलेल्या दवाखान्याच्या, शाळेच्या आणि प्रशिक्षकाच्या हातून. खेळाडूचे नाव त्यांच्याशी बांधलेले असेल तर मूल तपासणीला येते, औषध घेत राहते आणि शाळेत टिकते. ते बांधलेले नसेल, तर खेळाडूची भेट ही एक आनंदाची दुपार ठरते. आणि कधी कधी आजाराचा दोष आजाऱ्याच्याच माथी मारण्याचे साधनही.

आनंदाच्या दुपारीला मी कमी लेखत नाही. ऑस्ट्रेलियाच्या लोकसंख्येत ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट बेटांवरील लोकांचे प्रमाण २०२१ च्या अंदाजानुसार ३.८ टक्के आहे आणि त्यांतील साधारण १५ टक्के लोक दुर्गम व अतिदुर्गम भागांत राहतात. संसद, विद्यापीठे, बँका, दूरचित्रवाणी अशा कोणत्याही मोठ्या व्यासपीठावर या लोकांना आपल्यासारखा चेहरा फार उशिरा दिसू लागला. मैदानावर मात्र तो पिढ्यान्‌पिढ्या दिसत आला. १९६८ साली टोकियोत लायनेल रोझ या तरुणाने बँटमवेट गटातील जागतिक मुष्टियुद्धाचे अजिंक्यपद जिंकले, तेव्हा शिरगणतीत आदिवासींना मोजण्यास मनाई करणारे राज्यघटनेतील कलम सार्वमताने रद्द होऊन एक वर्षही झाले नव्हते. कॅथी फ्रीमनने १९९४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत जिंकल्यावर देशाच्या ध्वजाबरोबर आदिवासींचा ध्वजही खांद्यावर घेतला आणि २५ सप्टेंबर २००० च्या रात्री सिडनीत ४०० मीटरचे ऑलिंपिक सुवर्ण ४९.११ सेकंदांत मिळवले. तिथे नुसते 'फूटी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या सर्वोच्च लीगमध्ये अनेक वर्षे साधारण दर दहा खेळाडूंमागे एक आदिवासी होता. अलीकडे ही संख्या घटते आहे आणि त्याची चिंता तिथे उघडपणे व्यक्त होते. डार्विनच्या उत्तरेच्या तिवी बेटांवर तर फुटबॉलचा अंतिम सामना हा वर्षाचा सगळ्यात मोठा सण असतो. अशा ठिकाणी खेळाडूचा शब्द जितका ऐकला जातो तितका आरोग्यखात्याच्या पत्रकाचा कधीच ऐकला जाणार नाही. प्रश्न इतकाच आहे, की तो शब्द कशासाठी खर्च करायचा.

त्यासाठी आधी आजार कसले आहेत ते पाहावे लागते. २०२० ते २०२२ या काळातील आकडेवारीनुसार ऑस्ट्रेलियातील आदिवासी पुरुषाचे सरासरी आयुर्मान इतरांपेक्षा ८.८ वर्षांनी आणि स्त्रीचे ८.१ वर्षांनी कमी आहे. या तफावतीचा बराच भाग मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडाचे आजार आणि आत्महत्या यांनी व्यापलेला असला, तरी तिची सुरुवात बालपणीच होते, आणि तीही किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींपासून. संधिवाताच्या तापातून होणारा हृदयविकार हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. घशात, आणि बहुधा त्वचेवरच्या फोडांतही, स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूचा संसर्ग होतो. त्यावर वेळीच उपचार न झाल्यास ताप येतो, सांधे सुजतात, आणि असे वारंवार झाले की हृदयाच्या झडपा निकामी होत जातात. शहरी ऑस्ट्रेलियातून हा आजार जवळजवळ नाहीसा झाला आहे, तर नॉर्दर्न टेरिटरीच्या आदिवासी मुलांमध्ये त्याचे प्रमाण जगातील सर्वाधिक प्रमाणांपैकी एक आहे. महाराष्ट्रातील ज्या घरांत 'पेनिड्युअर' या पेनिसिलिनचे इंजेक्शन ठाऊक आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. एकदा ताप येऊन गेला की मुलाला दर चार आठवड्यांनी कमरेखाली ते जाड सुईचे, दुखणारे इंजेक्शन घ्यावे लागते, आणि तेही वर्षानुवर्षे, मूल वरून ठणठणीत दिसत असताना.

आता अशा मुलासमोर एखादा प्रसिद्ध खेळाडू उभा राहून 'हात स्वच्छ धुवा, फळे खा, खेळत राहा' असे सांगतो, तेव्हा नेमके काय घडते? दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वायव्य टोकाच्या पित्जांत्जात्जारा प्रदेशात १९८५ पासून आदिवासी आरोग्यमंडळाबरोबर एका डॉक्टरने आणि एका वास्तुरचनाकाराने घराघरांची पाहणी सुरू केली आणि पुढे ते काम देशभर पसरले. न्हाणीघराचा नळ चालतो का, सांडपाणी वाहून जाते का, विजेचा धक्का बसतो का, अन्न शिजवायला आणि साठवायला जागा आहे का, असे साधे प्रश्न त्यांनी विचारले आणि जे मोडलेले सापडले ते त्याच दिवसापासून दुरुस्त करायला घेतले. घरांमधील बिघाडांपैकी रहिवाशांच्या गैरवापरामुळे झालेले बिघाड दहांत एकही भरले नाहीत. बाकी सगळे देखभालीच्या अभावाचे आणि मुळातल्या निकृष्ट बांधकामाचे होते. म्हणजे ज्या मुलाला हात धुण्याचा उपदेश होतो, त्याच्या घरी अनेकदा हात धुवायची सोयच नीट नसते. फळांचेही तसेच. दुर्गम वस्तीतल्या एकुलत्या एका दुकानात ताजी फळे-भाजी शहरापेक्षा कितीतरी महाग आणि अनेकदा शिळी असते. अन्नाच्या या दरांवर २०२० मध्ये संसदीय समितीला चौकशी करावी लागली. ज्या सवयीसाठी लागणारी साधनेच हाताशी नाहीत, ती सवय नसल्याबद्दल मुलाला अपराधी वाटायला लावणे हा आरोग्यप्रसार नव्हे. खेळाडूचा हेतू चांगला असतो यात शंका नाही; पण त्याच्या हातात भाषण देणाऱ्यांनी भाषण देण्याआधी गावातले नळ पाहिलेले नसतात.

याउलट जिथे साधन आणि शब्द एकत्र आले, तिथे फळ दिसले. पश्चिम ऑस्ट्रेलियातील जिगालाँग आणि मुगारिन्या या दोन दूरच्या वस्त्यांत २००० मध्ये पोहण्याचे तलाव बांधले गेले आणि 'शाळा नाही, तर तलाव नाही' असा नियम ठेवला गेला. क्लोरिनच्या पाण्यात रोज डुंबणाऱ्या मुलांची तपासणी बालआरोग्याच्या संशोधकांनी दीड वर्ष केली. आधी निम्म्याहून अधिक मुलांच्या अंगावर असलेले त्वचेचे फोड त्या काळात पाचांत एका मुलापर्यंत खाली आले आणि एका वस्तीत कानाचा पडदा फाटलेल्या मुलांचे प्रमाणही निम्म्याहून कमी झाले. हे निष्कर्ष २००३ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाले. कान बरा झाला की मुलाला वर्गात ऐकू येते, आणि त्वचा बरी राहिली की हृदयाचाही धोका टळू शकतो. यात कोणी विश्वविजेता लागला नाही. लागला तो तलाव, त्याची देखभाल करणारा पगारी माणूस आणि शाळा.

मग खेळाडूचे काम कुठे सुरू होते? याचे मला सगळ्यात पटलेले उत्तर क्वीन्सलँडमधील 'डेडली चॉइसेस' या उपक्रमात सापडते. 'डेडली' म्हणजे तिथल्या आदिवासी इंग्रजीत 'एकदम झकास'. आग्नेय क्वीन्सलँडमधील आदिवासींनीच चालवलेल्या आरोग्यसंस्थांच्या संघाने हा उपक्रम उभा केला आणि पुढे तो दूरच्या वस्त्यांतील दवाखान्यांनीही स्वीकारला. याचा गाभा एका टी-शर्टात आहे. रग्बी लीगच्या संघांच्या रंगांत आणि आदिवासी चित्रकारांच्या नक्षीत तयार केलेला हा शर्ट दुकानात विकत मिळत नाही. तो फक्त दवाखान्यात जाऊन वर्षाची पूर्ण तपासणी करून घेतली तरच मिळतो. आदिवासींसाठी असलेली ही मोफत तपासणी सरकारी विमायोजनेतील क्रमांकावरून '७१५' या नावानेच ओळखली जाते. वजन, रक्तदाब, साखर, लघवी, कान, डोळे, दात, त्वचा पाहिली जाते. झोप कशी आहे, मन कसे आहे, सिगारेट किंवा दारू चालू आहे का, हे विचारले जाते. काही निघाले तर पुढची तारीख त्याच खोलीत ठरते. पंधरा-सोळा वर्षांचा धडधाकट मुलगा आपण होऊन दवाखान्यात कधी जात नाही, मग तो आदिवासी असो वा नसो. त्याच्या लाडक्या खेळाडूच्या अंगावर असलेला आणि पैसे टाकूनही न मिळणारा शर्ट त्याला तिथवर नेतो, आणि दारात पोचल्यावर खेळाडूचे काम संपून परिचारिकेचे सुरू होते.

या मांडणीत खेळाडूला उपदेश करावा लागत नाही. 'मी माझी तपासणी करून घेतली, तू घेतलीस का?' एवढेच त्याने विचारायचे असते. त्याचा प्रभाव एका मोजता येण्याजोग्या कृतीकडे वळवलेला असतो, आणि ती कृती मुलाच्या हातातली असते. संधिवाताच्या तापाच्या इंजेक्शनांनाही हीच रीत लागू पडते. ज्या मुलाला पुढची अनेक वर्षे महिन्याच्या महिन्याला सुई टोचून घ्यायची आहे, त्याला नळ दुरुस्त करता येत नाही. पण ठरलेल्या दिवशी दवाखान्यात जाता येते, आणि तिथे एखाद्या आवडत्या खेळाडूने 'यंदा एकही चुकवू नकोस' असे म्हटलेले असेल, तर त्या शब्दाला वजन असते. मेलबर्न विद्यापीठाच्या नेत्रआरोग्य गटाने खुपरी रोखण्यासाठी मेलबर्न फुटबॉल क्लबच्या खेळाडूंना बरोबर घेतले, तेव्हा औषधोपचाराची आणि वस्त्यांमधील स्वच्छतासोयींची मोहीम सोबत चालू होती. म्हणूनच तोंड धुण्याचा निरोप पोकळ ठरला नाही.

दुसरा एक प्रयोग मला याहूनही मोलाचा वाटतो, कारण त्यात आदर्श बाहेरून आणावा लागत नाही. रॉबर्ट डी कॅस्टेला हा १९८३ चा मॅरेथॉनचा जगज्जेता. २०१० मध्ये त्याने चार आदिवासी तरुणांना काही महिने तयार करून न्यूयॉर्क मॅरेथॉनला नेले आणि चौघांनीही ती पूर्ण केली. त्यानंतर दरवर्षी देशभरातून निवड होऊ लागली. विशेष असे, की वेगवान धावपटू हुडकणे हा निवडीचा उद्देशच नव्हता. ज्यांनी कधी दोन-तीन किलोमीटरही सलग धावून पाहिलेले नाहीत, ज्यांचे वजन वाढलेले आहे, ज्यांना लहान मुले आहेत, असे तरुण-तरुणी त्यात असतात. त्यांनी सहा-सात महिने आपापल्या गावी पहाटे उठून धावायचे आणि त्याच काळात आरोग्य व क्रीडाविषयक प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम पूर्ण करायचा. मानसिक अडचणीत सापडलेल्या माणसाला प्रथम मदत कशी करावी, याचेही शिक्षण घ्यायचे. शेवटी ४२.१९५ किलोमीटर. परतल्यावर त्यांतले अनेक जण आपल्या वस्तीत चालण्या-धावण्याचे गट सुरू करतात.

विचार करा, आदर्श म्हणून कोणाचा परिणाम अधिक टिकेल? वर्षातून एकदा विमानाने येणाऱ्या, शंभर किलो वजन सहज उचलणाऱ्या व्यावसायिक खेळाडूचा, की जिच्याबरोबर आपण शाळेत होतो, जी गेल्या वर्षी आपल्यासारखीच दुकानाच्या कट्ट्यावर बसून गोड पेय पीत होती आणि आता रोज पहाटे रस्त्याने पळताना दिसते, त्या मावशीचा? व्यावसायिक खेळाडू होणे हजारांत एकाला जमते, हे मुलांनाही कळते. शेजारची मावशी जे करते ते आपल्यालाही जमू शकते, हे त्यांना रोज डोळ्यांनी दिसते. डी कॅस्टेलाचे मोठेपण असे, की आपल्या कीर्तीच्या जोरावर त्याने पैसा, प्रशिक्षक आणि न्यूयॉर्कचे प्रवेश मिळवले आणि ती कीर्ती गावोगावच्या अनोळखी माणसांना वाटून टाकली.

प्रसिद्धी नसलेल्या आदर्शांचे आणखी एक उदाहरण युएन्डुमूचे आहे. १९९० च्या दशकात मध्य ऑस्ट्रेलियातील या वार्लपिरी लोकांच्या वस्तीत पेट्रोल हुंगण्याच्या व्यसनाने तरुण मुले उद्ध्वस्त होत होती. १९९४ मध्ये गावातल्याच वडीलधाऱ्यांनी या मुलांना दीडशेहून अधिक किलोमीटर दूर, माउंट थिओ या आपल्या पूर्वजांच्या जागी नेऊन ठेवायला सुरुवात केली. तिथे पेट्रोल मिळण्याची सोय नव्हती. शिकार होती, गोष्टी होत्या, आजी-आजोबांचा धाक आणि माया होती. आणि गावात परतलेल्या मुलांसाठी खेळ व इतर उपक्रम चालवण्याची व्यवस्थाही उभी केली गेली, कारण रिकामी संध्याकाळ त्यांना पुन्हा डब्याकडे ओढील हे त्या वडीलधाऱ्यांना पुरते ठाऊक होते. काही वर्षांत युएन्डुमूतून हे व्यसन जवळजवळ हटले. पुढे २००५ पासून 'ओपल' नावाचे, हुंगल्यावर नशा न चढणारे पेट्रोल मध्य ऑस्ट्रेलियात विकले जाऊ लागले आणि हे व्यसन इतर वस्त्यांतही मोठ्या प्रमाणात कमी झाले. माणसांचा धीर आणि पंपावरचा बदल या दोन्हींची गरज होती. खेळ त्यात होता, पण त्याला एकट्याला कोणी जबाबदार धरले नव्हते.

खेळाडूंवर आपण काय लादतो, हेही पाहायला हवे. ॲडम गुड्स हा सिडनी स्वान्सचा खेळाडू. लीगमधील सर्वोत्तम खेळाडूचे ब्राऊनलो पदक दोनदा मिळवलेला, २०१४ चा 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर'. २०१३ मध्ये प्रेक्षकांतील एका १३ वर्षांच्या मुलीने त्याला वानर म्हटले. त्याने ते निदर्शनास आणून दिले आणि त्याच वेळी त्या मुलीला दोष देऊ नका, तिला आधार द्या, असेही सांगितले. त्यानंतर मैदानामागून मैदानात त्याची हुर्यो उडवली जाऊ लागली. २०१५ मध्ये तो काही काळ खेळापासून दूर राहिला आणि त्याच वर्षी निवृत्त झाला. लीगने आणि सगळ्या क्लबांनी २०१९ मध्ये त्याची माफी मागितली. चार वर्षे उशिरा. जोवर खेळाडू फळे खा आणि शाळेत जा एवढेच सांगतो, तोवर तो सर्वांना आदर्श वाटतो. ज्या दिवशी तो आपल्या लोकांच्या अपमानाबद्दल बोलतो, त्या दिवशी त्याचे आदर्शपण काढून घेतले जाते. हे सारे दूरच्या वस्त्यांतली मुले दूरचित्रवाणीवर पाहत होती. देशाने डोक्यावर घेतलेल्या आपल्या माणसालाही जर असे वागवले जात असेल तर माझे काय, हा प्रश्न त्या मुलांच्या मनात उमटला असेल, तर तो त्यांच्या मानसिक आरोग्याचाच प्रश्न आहे, आणि क्लबांच्या आरोग्य-उपक्रमांच्या अहवालांत त्याला जागा असली पाहिजे.

प्रायोजकांचीही गोष्ट काढली पाहिजे. क्वीन्सलँडच्या रग्बी लीग संघाच्या जर्सीवर, म्हणजे राज्यातल्या प्रत्येक आदिवासी मुलाला हव्याहव्याशा वाटणाऱ्या जर्सीवर, अनेक वर्षे एका बिअरचे नाव झळकत होते. क्रिकेटच्या बिग बॅश लीगच्या नावापुढे तळलेल्या कोंबडीची कंपनी आहे. मधुमेह आणि दारू यांनी ज्या वस्त्या पोखरल्या आहेत, तिथे खेळाडू तोंडाने एक सांगतो आणि त्याची छाती दुसरेच सांगते. आपल्याकडे इलायचीच्या नावाखाली पानमसाल्याची जाहिरात करणारे माजी क्रिकेटपटू आपण पाहिले आहेत. आणि वडिलांच्या शब्दाखातर दारू-तंबाखूच्या जाहिराती आयुष्यभर नाकारणारा सचिन तेंडुलकरही पाहिला आहे. गडचिरोलीच्या एखाद्या गावात खर्ऱ्याची पुडी सोडू पाहणाऱ्या पोराला या नकाराचा जितका आधार होईल, तितका कोणत्याही सदिच्छाभेटीचा होणार नाही.

मुलींचा मुद्दा इथे सुटता कामा नये. पर्थमध्ये २००० साली सुरू झालेल्या क्लोंटार्फ प्रतिष्ठानाने शाळांना जोडून फुटबॉलच्या अकादमी काढल्या. सराव हवा असेल तर शाळेत हजर राहावे लागेल, ही त्यांची अट. आज दहा हजारांहून अधिक आदिवासी मुलगे या अकादमींत आहेत, आणि मुलगा शाळेत आला की त्याची तपासणी, जेवण, पुढची नोकरी याकडे लक्ष देणारी माणसे त्याच्या भोवती असतात. ही व्यवस्था चांगली आहे. पण मुलींसाठीच्या तशाच कार्यक्रमांना सरकारी निधी कितीतरी कमी आणि उशिरा मिळत गेला, ही तक्रार तिथल्या आदिवासी स्त्रिया वर्षानुवर्षे करत आहेत आणि ती रास्त आहे. उद्याच्या आईचे आरोग्य म्हणजे पुढच्या पिढीच्या जन्मवजनापासून सगळे काही. कॅथी फ्रीमनच्या नावाने देश गहिवरतो, आणि मुलींच्या गटाला चेंडू, प्रशिक्षक व दिवे असलेले मैदान देताना हात आखडतो, याला काय म्हणावे?

हे सगळे मराठी वाचकासाठी परक्या मुलुखातले राहू नये. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ९.४ टक्के, म्हणजे एक कोटीच्या वर. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याची कविता राऊत २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरचे कांस्य आणि ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याच शर्यतीचे रौप्य घेऊन आली आणि 'सावरपाडा एक्सप्रेस' म्हणून घराघरांत पोचली. २०१८ मध्ये 'मिशन शौर्य'तून चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या विद्यार्थ्यांपैकी पाच जण एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे राहिले. हे आपले आदर्श आहेत, आणि आपल्याकडे तर ऑस्ट्रेलियाकडे नाही अशी एक सोय आयती आहे: आश्रमशाळा. दुर्गम पाड्यांतली हजारो मुले वर्षाचे बहुतेक दिवस एका छताखाली असतात. तिथे वर्षातून दोनदा नीट तपासणी, पूर्णवेळ क्रीडाशिक्षक, मुलींसाठी पुरेशी न्हाणीघरे आणि अधीक्षिका, रात्री आजारी पडलेल्या मुलाला नेण्यासाठी वाहन, एवढे असेल तर गाजलेल्या धावपटूची भेट सार्थकी लागेल. नसेल, तर सत्काराचा मंडप उतरल्यावर मूल पुन्हा त्याच खरजेला खाजवत बसेल.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे उदाहरण घ्या. नंदुरबार, गडचिरोली या जिल्ह्यांत हा आजार किती घरांत आहे, ते तिथल्या माणसांना सांगावे लागत नाही. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, तीत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य आहे. खेळाशी या तपासणीचा थेट संबंध आहे, कारण सिकलसेलग्रस्त मुलाला पाणी कमी पडून दमछाक झाली तर त्याच्या जिवावर बेतू शकते. आश्रमशाळेत धावण्याचे शिबिर भरवण्याआधी कोणाला हा आजार आहे, हे शिक्षकाला ठाऊक असलेच पाहिजे. मग शिबिराच्या बनियनला सिकलसेल कार्डाची अट का घालू नये? ज्याने तपासणी करून घेतली त्याला कविता राऊतच्या सहीचा बनियन, आणि ज्याला आजार निघाला त्यालाही तोच बनियन, त्याच रांगेत, म्हणजे तपासणीला कलंक चिकटणार नाही. हा खर्च एका सत्कारसमारंभाच्या मंडपापेक्षा मोठा नाही. आणि एव्हरेस्ट चढून आलेल्या मुलांसारख्यांना, त्यांची इच्छा असल्यास, शिक्षण आणि पगार देऊन आश्रमशाळांमध्येच आरोग्य व क्रीडा प्रशिक्षक म्हणून नेमले, तर डी कॅस्टेलाने जे खासगी निधी जमवून केले ते आपल्याला सरकारी यंत्रणेतून करता येईल.

यावर एक आक्षेप असा येईल, की खेळाडू स्वेच्छेने वेळ देतात, त्यांच्यावर नळ, घरे आणि नेमणुका यांचा भार टाकणे अन्यायाचे आहे. तो भार खेळाडूवर नाहीच. तो त्याला पाठवणाऱ्या क्लबावर, मंडळावर आणि खात्यावर आहे, कारण त्या भेटीच्या छायाचित्रांचे श्रेय तेच घेतात. जुलै २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सरकारांनी आदिवासी संघटनांबरोबर जो राष्ट्रीय करार केला, त्यात आदिवासींविषयीच्या निर्णयांत त्यांना बरोबरीचा वाटा देण्याचे वचन आहे. तेच वचन क्रीडासंस्थांनाही लागू व्हावे. खेळाडूने कोणत्या महिन्यात यायचे, कशावर बोलायचे, त्या दिवशी दवाखान्यात कोणती तपासणी ठेवायची आणि उरलेले अकरा महिने गटाला प्रशिक्षक कोण, हे गावच्या आरोग्यमंडळाने लेखी ठरवावे आणि क्लबाने त्यावर सही करावी. यंदा खेळाडू नको, कानांची तपासणी करणारी परिचारिका चार महिने पाठवा, असे मंडळाने सांगितले तर क्लबाने तिचा पगार आणि राहण्याची सोय उचलावी. तिच्या गाडीच्या दारावर क्लबाचे नाव रंगवायला गावाची हरकत असणार नाही.